एकच खांब, आठ वेळा

(सोलापुरात लहान फॅब्रिकेटर आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला बोलवायला फोन आला तेव्हा समोरचे म्हणाले, "मॅडम, स्टीलच्या ड्रॉइंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं तेवढं सांगा, बाकी पाल्हाळ नको." तेवढंच सांगायचं असतं तर फोनवरच भागलं असतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून, चिंचोळीतून तुम्ही मेच्या उन्हात काम टाकून आला आहात, तर थोडं पाल्हाळ सोसा.

मी या धंद्यात आले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होता. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडायची, आणि अमोनिया प्रिंटचा डोळ्यांतून पाणी काढणारा वास. त्या दिवसांत एका साखर कारखान्याच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, शेडचे आठ कॉलम, म्हणजे खांब, मी कागदावर काढले. शेडच्या दोन्ही बाजूंना चार-चार. ब्रेसिंगचे, म्हणजे खांब डुलू नयेत म्हणून लावायच्या तिरक्या दांड्यांचे, क्लीट (दांडी जोडायचे छोटे तुकडे) एका बाजूच्या कॉलमला डावीकडे, दुसऱ्या बाजूच्याला उजवीकडे. मी एकच कॉलम काढला आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात टीप टाकली: चार दाखवल्याप्रमाणे, चार उलट हाताचे. सगळे तसंच करायचे, मीही केलं.

साइटवर चार कॉलम उभे राहिले, पाचव्याला ब्रेसिंग लागेना. मी तावातावानं कॉलम बनवले त्या फॅब्रिकेशनच्या शेडवर गेले. तिथले जुने फिटर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, त्यांनी ऑइलचे डाग पडलेला प्रिंट माझ्यापुढे धरला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर एकच खांब हाय. आम्ही एकच बनवला, आठ वेळा."

मला उत्तर सुचलं नाही. क्लीट गॅसनं कापून दुसऱ्या बाजूला लावले, साइटवरच, आणि त्याचे पैसे माझ्या बिलातून गेले. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना मी आधी त्यातून निघणारा कागद बघते. स्क्रीनवरचं मॉडेल नंतर.

आपल्याकडे निवड उलट्या टोकानं होते. विक्रेता येतो, एसी खोलीत त्याची स्वतःची तयार बिल्डिंग गरागरा फिरवून दाखवतो, सगळे बोल्ट चमकतात, मालक खूश होतो. पण ते मॉडेल फिटरला दिसणारच नाहीये. त्याला दिसणार एक ए-थ्री कागद, तोही प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, त्यावर पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन.

तो कागद जवळून बघू. समजा एका राफ्टरवर, म्हणजे छताच्या तिरक्या तुळईवर, पर्लिनसाठी, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांसाठी, आठ भोकं आहेत. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून साखळीनं मापं देतं: या भोकापासून त्या भोकापर्यंत १२००, पुढे परत १२००. आता फिटर काय करतो? टेपचा हुक एका टोकाला अडकवतो, पंच मारतो, टेप उचलतो, पुढच्या भोकाला परत लावतो. दर वेळी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला आणि सगळा एकाच बाजूला गेला, तर आठव्या भोकापर्यंत सात मिलिमीटर. बोल्ट २० चा, भोक २२ चं, म्हणजे मोकळीक सगळी मिळून दोनच मिलिमीटर. तेच माप एका टोकापासून धावतं दिलं, १२००, २४००, ३६००, तर टेप एकदा लावायची आणि आठही खुणा मारून घ्यायच्या. चूक साचत नाही. म्हणून विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न असतो: धावती मापं आपोआप येतात का, की प्रत्येक शीटवर पोरगा बसवून बदलावी लागतात? दोनशे शीटचं काम असलं की या एका प्रश्नात आठवडा जातो किंवा वाचतो.

आता नावं घेऊ, तुम्ही त्यासाठीच थांबला आहात.

टेक्ला. १९६६ साली फिनलंडमधल्या काही इंजिनिअरिंग ऑफिसांनी मिळून काढलेली कंपनी. तांत्रिक आकडेमोड अशा अर्थाच्या फिनिश शब्दांवरून हे नाव. स्टीलचं त्यांचं सॉफ्टवेअर आधी एक्सस्टील म्हणून ओळखलं जायचं, २०११ मध्ये कंपनी अमेरिकेच्या ट्रिम्बलनं घेतली. मोठं काम, बरेच जण एकाच मॉडेलवर, किचकट जोड, यात त्याला तोड नाही असं माझं मत. पण ते महाग आहे, आणि नुसतं विकत घेऊन चालत नाही. त्याची ड्रॉइंग आपल्या पद्धतीनं यावीत म्हणून एक हुशार माणूस काही महिने टेम्प्लेट आणि सेटिंगवरच बसवावा लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

ॲडव्हान्स स्टील. मूळचं ग्रेटेक या कंपनीचं, २०१३ मध्ये ऑटोडेस्कनं घेतलं. ते ऑटोकॅडवरच चालतं, म्हणून ज्यांची पोरं ऑटोकॅडवर वाढलीत त्यांचा हात लवकर बसतो. मध्यम शेड, प्लॅटफॉर्म, जिने, रेलिंग यांना उत्तम. मॉडेल फार मोठं झालं की जड चालतं, हा माझा अनुभव.

एसडीएस-टू अमेरिकेतल्या नेब्रास्काचं, १९८० च्या दशकापासूनचं. अमेरिकन कोडप्रमाणे, म्हणजे तिथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे, जोडाचा हिशेब ते स्वतः करतं. अमेरिकेचं डिटेलिंग, म्हणजे तिथल्या कामांच्या प्रत्येक तुकड्याची आणि जोडाची ड्रॉइंग, करणार असाल तर जरूर बघा. सोलापुरात शेड बांधणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आणि स्टॅड. दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "आमच्याकडे स्टॅड आहे की." अहो, ते ॲनालिसिसचं आहे. त्यात बीम म्हणजे मधोमध जाणारी एक रेघ आणि दोन रेघा भेटतात तो बिंदू. वाऱ्यानं, भूकंपानं त्या रेघेवर किती जोर येतो ते स्टॅड नेमकं सांगेल. त्या बिंदूपाशी पाना फिरवायला जागा आहे का, हे त्याला ठाऊक नाही. ते काम डिटेलिंगचं.

साधं ऑटोकॅड, नुसत्या रेघांचं, तेही मी मोडीत काढत नाही. महिन्याला एखादी सरळ पॉवरलूमची शेड करत असाल, त्याच स्पॅनची, त्याच उंचीची, तर जुनी फाइल बदलून तुमचं चालतं आणि चालू द्या. अडतं कुठे? तिरक्या कॅरिअर गॅलरीत (माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या पुलात), हॉपरमध्ये (खाली निमुळत्या होणाऱ्या पेटीत), नाहीतर गिऱ्हाईक तीनदा कॉलम सरकवतं तेव्हा. मॉडेलमध्ये कॉलम एकदा सरकवला की त्याला चिकटलेलं सगळं सरकतं. रेघांच्या ड्रॉइंगमध्ये तो सात शीटवर हातानं सरकवावा लागतो, आणि सातवं शीट राहतं.

पण मॉडेलचीही एक खोड आहे, ती कळून घ्या. सॉफ्टवेअर एकसारख्या पीसना एकच मार्क देतं. समजा पी-१२ च्या दहा प्लेटा कापून, नंबर टाकून यार्डात पडल्यात. नंतर त्यातल्या एकीला मॉडेलमध्ये एक भोक वाढवलं आणि परत नंबरिंग चालवलं. सेटिंग नीट नसेल तर मार्क इकडचे तिकडे होतात, पी-१२ हा नंबर भलत्याच प्लेटीला जातो. यार्डातल्या लोखंडावर एक, कागदावर दुसरं. म्हणून पहिलं शीट शेडवर जायच्या आधी नंबरिंगच्या सेटिंगवर बसा. एकदा बाहेर गेलेला मार्क दुसऱ्या पीसला परत मिळता कामा नये.

लायब्ररीही तपासा. आपला आयएसएमबी ३०० घ्या, ३०० मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा बीम. जुन्या हँडबुकात वजन मीटरला ४४.२ किलो, फ्लँजची, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची, जाडी १२.४ मिलिमीटर. आयएस ८०८ या भारतीय मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीत ४६ किलो आणि १३.१. सॉफ्टवेअरमध्ये कोणी जुना तक्ता भरला असेल तर हजार मीटरला १८०० किलोचा फरक. तुम्ही टनावर रेट देता ना? मग हा फरक कोणाच्या खिशातून जाईल?

तसंच जोडांचं. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये भोकापासून कडेचं अंतर आधीच भरलेलं असतं. आयएस ८०० या स्टीलच्या बांधकामाच्या कोडच्या २००७ च्या आवृत्तीत हे अंतर कड कशी कापली यावर ठरतं. करवतीनं किंवा मशीनवरच्या गॅसनं कापली तर भोकाच्या दीडपट, शिअरनं, म्हणजे कात्रीसारख्या मशीननं, किंवा हातानं गॅसनं कापली तर १.७ पट. २२ च्या भोकाला एकीकडे ३३, दुसरीकडे ३७.४. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मॉडेलमध्ये सगळीकडे ३५ होतं आणि शेडमध्ये प्लेटा शिअरवर कापत होते. मॉडेलमध्ये हिरवं, म्हणजे पास, कोडमध्ये नापास. सॉफ्टवेअरला तुमच्याकडे कोणतं मशीन आहे ते दिसत नाही, ते तुम्ही सांगायचं.

मशीनवरून आठवलं. सीएनसी प्लाझ्मा कोणाकडे आहे, हात वर करा. बरेच आहेत. आणि बीम ड्रिल करणारी सीएनसी लाइन? एक. बरं. प्लाझ्मावाल्यांना प्लेटांची डीएक्सएफ फाइल, म्हणजे कापायच्या रेघांची फाइल, स्वच्छ निघायला हवी, कडेच्या रेघेवर दुसरी रेघ नको, नाहीतर टॉर्च एकच कड दोनदा फिरतो. लाइनवाल्यांना डीएसटीव्हीची एनसी फाइल लागेल, भोक कुठे पाडायचं ते मशीनला सांगणारी. इतरांनी त्या फाइलींसाठी जास्त पैसे मोजू नयेत. पुण्याचा सल्लागार मॉडेल मागेल तर आयएफसी द्या, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी मॉडेलची फाइल. ती फुकटच्या व्ह्यूअरमध्येही उघडते, आणि तुमचं मूळ मॉडेल तुमच्यापाशी राहतं.

क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरू नका, एवढंच त्याबद्दल. विद्यार्थ्यांना टेक्ला आणि ऑटोडेस्क दोघांचंही शिकण्यापुरतं फुकट मिळतं, पैशाच्या कामाला ते चालत नाही.

आता परीक्षा कशी घ्यायची ते. विक्रेत्याला त्याची बिल्डिंग उघडू देऊ नका. तुमच्याच एका पूर्ण झालेल्या कामातला सगळ्यात त्रास दिलेला तुकडा त्याला द्या. तिरका हॉपर द्या, वळणारा जिना द्या. तुमच्यासमोर मॉडेल करून प्रिंट काढायला लावा. मग तो प्रिंट, एक शब्दही न सांगता, तुमच्या फिटरच्या हातात ठेवा आणि तो किती वेळा ऑफिसात विचारायला येतो ते मोजा. दोन सॉफ्टवेअर, एकच तुकडा, एकच फिटर. मी असं केलं तेव्हा स्क्रीनवर जास्त देखणं दिसणारं सॉफ्टवेअर हरलं होतं. अकरा फेऱ्या विरुद्ध चार.

प्रश्न विचारा आता.

(एका फॅब्रिकेटरनं विचारलं की त्यांचे फिटर तेलुगू आणि कन्नड बोलणारे आहेत, इंग्रजी टिपा कोणी वाचत नाही, मग काय करायचं?)

छान विचारलंत. आपल्या शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं, इंग्रजी तेवढं चालत नाही. तेव्हा टिपा कमी करा. वेल्डिंगची खूण सगळ्यांना कळते, ती ठेवा. आणि प्रत्येक असेंब्लीच्या शीटवर कोपऱ्यात त्या पीसचं छोटं त्रिमित चित्र टाका. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा टेम्प्लेटमध्ये बसवलं की ते आपोआप येतं. पीस टेबलावर कसा पडेल, क्लीट कुठल्या अंगाला, हे भाषेशिवाय दिसतं. पुढे मी अण्णांना असं पहिलं शीट दाखवलं तेव्हा त्यांनी वरची मापं बघितलीच नाहीत. कागद फिरवून ते चित्र कॉलमच्या दिशेनं धरलं, क्लीटवर बोट ठेवलं आणि खडू मागितला.

आणि डाव्या-उजव्याला मार्क वेगळा, कागद वेगळा. सी-१ चं एक शीट, सी-२ चं दुसरं. "उलट हाताचे" ही टीप मी त्या शेडनंतर एकदाही लिहिलेली नाही.