बोलावलं कोणी?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

सकाळी तुम्ही नाल्यावर वनराई बंधारा घालत होते, ते मी धुऱ्यावर उभं राहून पाहत होतो. सिमेंटची रिकामी पोती, त्यात रेती-माती, पोत्यावर पोतं. वीसातले आठ जण काम करत होते, बाकीचे फोटो काढत होते. हसू नका, तुमच्या वयात मीही फोटोतच होतो.

सरांनी मला विषय दिलाय, परदेशात जाऊन सेवा. २०१४ साली मी उत्तर जर्मनीत वर्षभर राहिलो. कागदावर नाव भारदस्त होतं, ऐच्छिक पर्यावरण वर्ष. काम काय, तर गुडघाभर चिखलात उभं राहून चर बुजवायचे. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "इथं आमी चर खांदून राह्यलो, अन् तू तिथं बुजवून राह्यला? काहून बे?"

बाबांना समजावायला मला दोन रिचार्ज लागले. तिकडे मोठमोठ्या दलदली आहेत. त्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते मरतं, पण पाण्याखाली हवा नसल्यानं पुरतं कुजत नाही, थरावर थर साचत जातात. त्याला पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे कमरेएवढा थर व्हायला हजार वर्षं. पूर्वीच्या लोकांनी चर खोदून पाणी काढून दिलं, पीट वाळवून चुलीत जाळलं, उरलेल्या जमिनीवर शेती केली. जर्मनीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त दलदली अशा कोरड्या झाल्या. पण पाणी गेलं की हवा शिरते, हजारो वर्षांचं साठलेलं कुजायला लागतं आणि कार्बन वर जातो. त्या देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ७ टक्के या वाळलेल्या दलदलींतून येतात. म्हणून आता चर बुजवायचे, पाणी परत थांबवायचं. बर्च नावाच्या झाडाची रोपं पाणी ओढतात, तीही कापायची, तेही फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात पक्ष्यांची घरटी असतात. शेवटी बाबा म्हणाले, "मंग असं सांग ना, पाणीच अडवून राह्यला."

तेवढं खरं.

आता थोडं मागं जातो. मी दहावीत असताना आमच्या गावात तीन परदेशी पोरी आल्या होत्या, दोन आठवड्यांसाठी. कुण्या संस्थेनं आणल्या. दिवस कोणते, तर मृगाचे. सगळं गाव वावरात, सरकी टोबायला. एक पोरगी आमच्या घरी उतरली. माय पहाटे चारला उठायची, तिच्यासाठी बिनतिखटाचं वरण वेगळं, पाणी उकळून वेगळं. सरपण काही त्या संस्थेनं आणून दिलं नाही. पोरींनी शाळेची भिंत रंगवली. फुलपाखरू, इंद्रधनुष्य, सुंदरच होतं. शाळेच्या संडासाला दार नव्हतं, ते तसंच राहिलं. दाराचं कुणी त्यांना सांगितलंच नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. पोरगी वाईट नव्हती हो. जाताना मायच्या गळ्यात पडून रडली, मायही रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आता वावरात लवकर जाता येईल.

परक्या देशात जाऊन राबायची ही प्रथा कुठून आली, ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये व्हर्दूनच्या आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. १९२० मध्ये पिएर सेरेसोल नावाचा स्विस माणूस मूठभर सोबती घेऊन तिथल्या एन गावी गेला. सोबत्यांत जर्मनही होते, म्हणजे काल ज्यांच्या तोफांनी घरं पाडली त्यांच्यातलेच. लाकडी घरं उभारली, रस्ते नीट केले, शेतं साफ केली. काही महिन्यांत विरोध वाढला आणि त्यांना निघावं लागलं. जर्मन माणसानं आपलं घर बांधावं हे तिथं सगळ्यांना कुठून रुचणार? मला ही गोष्ट आवडते, कारण ती फसली. भलं करायला जाणाऱ्यालाही दारातून परत पाठवता येतं, हे पहिल्याच शिबिरात दिसलं. त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा सेरेसोल तिथं आला, गावं पुन्हा वसवायच्या कामाला लागला. पुढं पन्नासच्या दशकात याच संस्थेचे तरुण आपल्या वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन बांधकामावर राबले. महारोग्यांजवळ जायला जवळचे लोक घाबरायचे, तेव्हाची गोष्ट आहे ही. तिथं हात हवे होते. फरक एवढाच.

उलट बाजूही सांगतो. नेपाळ, कंबोडियात अशी अनाथालयं निघाली, की तिथल्या कित्येक लेकरांचे मायबाप जिवंत होते. पैसे देऊन येणारे पाहुणे हवेत, म्हणून अनाथ हवेत. तुमच्याकडून लाखभर रुपये घेऊन पंधरा दिवसांत 'सेवा' करवून आणतो म्हणणारा एजंट भेटला, तर आधी हे आठवा.

ज्यांना खरंच जायचं त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीच्या या कार्यक्रमांत राहणं, विमा, हातखर्च मिळतो, वर्षात २५ दिवस शिकवणीचे असतात. भाषा थोडी तरी यावी लागते. मी नागपूरला रविवारी शिकायला जायचो, येता-जाता एसटीत शब्द पाठ. पहिले तीन महिने माझा तिथं काडीचा उपयोग नव्हता. कुऱ्हाड धरता यायची, पण कोणतं झाड ठेवायचं ते कळायचं नाही. शिकवणाऱ्याचा वेळ जायचा. तुमच्या प्रमाणपत्रावर हे कुणी लिहीत नाही.

बरं, जेवणाची वेळ झाली. एक विचारतो. सकाळी बंधाऱ्याशेजारच्या वावरात एक काकू उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात विळा. पाणी तुंबलं तर आपल्या तुरीत शिरेल का, हे त्या बघत होत्या. त्यांच्याशी कोण बोललं? कुणीच नाही ना. मग जेवण झालं की तिघं जण जा त्यांच्याकडे. बंधारा दोन हात खाली सरकवायचा असेल तर आजच सरकवा, पोती अजून बसली नाहीत.