तिसऱ्या घंटेआधीचे प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

प्रयोग संपला की मेकअप रूममध्ये माणसं येतात. सेल्फी होतात. कुणी पेढे आणलेले असतात. एखाद्या आजी दंडाला धरून सांगतात, "मालिकेत सुनेशी फार वाईट वागता हो तुम्ही." पंधरा-वीस मिनिटांत गर्दी ओसरते आणि मग एक जण उरतो. त्याने सेल्फी घेतलेला नसतो. कपड्यांच्या ट्रंकेला टेकून तो नुसता उभा असतो. सव्वीस वर्षं दौरे करतोय मी, पण जाईन त्या गावात हा मुलगा मला भेटतोच. कधी तो मुलगी असतो, इतकाच फरक.

मागच्या पावसाळ्यात तो सांगलीला भेटला, भावे नाट्यमंदिरात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावात नाटकवेडा मुलगा भेटावा यात नवल काही नाही. तासगावकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क होता. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा उतरलेला, एकदा अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालेलं. ते प्रमाणपत्र त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बरोबर आणलं होतं. मी हात पुसून ते वाचलं. मग त्याने विचारलं, "सर, नोकरी सोडू का?"

आता या प्रश्नाला फार मोठमोठी नावं जोडलेली आहेत. डॉक्टर श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, वयाची चाळिशी उलटल्यावर १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. ही गोष्ट प्रत्येक हौशी नटाला तोंडपाठ असते. पण ती सोडण्याच्या दिवसापासून सांगितली जाते. त्याआधी दवाखाना सांभाळून जी वर्षं तालमी केल्या, ती गाळून टाकतात. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. आपली निम्मी रंगभूमी संध्याकाळी सहानंतर, ऑफिसचा डबा रिकामा झाल्यावर उभी राहिलीय. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, ती काय बेकार माणसांच्या जिवावर? बँकवाले, एसटीवाले, शिक्षक, वीज मंडळवाले, यांच्या जिवावर.

म्हणून मी त्या मुलाला उलटा प्रश्न केला, "रजा किती शिल्लक आहे तुझी?" तो गोंधळला. त्याला वाटलं होतं, मी एकतर 'झोकून दे' म्हणेन, नाहीतर 'वेडा झालास का' म्हणेन. मी म्हटलं, आधी रजा टाकून मुंबईला ये, आठ दिवस राहा, ऑडिशनच्या रांगेत उभा राहून बघ. ती रांग सहन होते का, ते तरी कळेल. आणि सोडायचीच झाली, तर वर्षभराचं भाडं आणि मेसचे पैसे खात्यात ठेवून सोड. हे काही शास्त्र नव्हे, मी चार महिन्यांच्या पैशांवर आलो होतो आणि पाचव्या महिन्यात घड्याळ विकलं होतं, त्यावरून आलेलं शहाणपण आहे.

त्याचा दुसरा प्रश्न भाषेचा होता. "सर, माझा न आणि ण गंडतो. लोक हसतात." लोक हसतात हे खरं आहे. मी स्वतः हसलेलो आहे, तरुणपणी, आणि त्याची लाज वाटते. पण याचं उत्तर मी दोन तुकड्यांत देतो. पहिला तुकडा, तुझ्या घरची बोली विसरू नकोस, तिचा हेल टिकव. आज गावाकडच्या भूमिकेसाठी शहरी पोरं तीच बोली शिकायला धडपडतायत आणि बहुतेक वेळा वाईट बोलतायत. दुसरा तुकडा, प्रमाण भाषाही शिक, कारण नटाने एकाच बोलीत अडकून कसं चालेल? उद्या वकील करायचाय, परवा कीर्तनकार. रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. 'ण' म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, 'न' म्हणताना ती दातांपाशीच राहते. फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, मग सवय होते.

शिक्षण घ्यावं का, असंही विचारतात. घ्यावं, मिळालं तर. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी आहे. तिथे प्रवेश अवघड आहे, पण आत गेलात की काही वर्षं नाटकाशिवाय दुसरा विचार करावा लागत नाही. ही चैन पुन्हा आयुष्यात मिळत नाही. मात्र 'तीन महिन्यांत अभिनय आणि मालिकेत काम नक्की' अशी पाटी दिसली, तर पाटीखालून सरळ पुढे चालत राहा.

आता ऑडिशन. अंधेरीला, वर्सोव्याच्या बाजूला आरामनगर म्हणून भाग आहे. जुनी बैठी घरं, त्यात कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांची, ऑफिसं. दुपारी तिथे गेलात तर गल्लीत पन्नास माणसं भिंतीशी बोलताना दिसतील. घाबरू नका, ते संवाद पाठ करत असतात. दाराशी एक पोरगा उभा असतो, वयाने आपल्यापेक्षा निम्मा. तो वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "नॉट फिट." झालं. दोन तास लोकल, रिक्षाचे पैसे, इस्त्रीचा शर्ट, आणि उत्तर दोन शब्दांचं. पहिल्यांदा मला हे ऐकून रडू आलं होतं. पुढे कधीतरी मी कास्टिंगच्या एका मित्राशेजारी दिवसभर बसलो, तेव्हा उलगडा झाला. नायिकेचे बाबा हवे होते. नायिका ठरलेली, तिची आई ठरलेली, आईपेक्षा बाबा उंच हवेत आणि नाक मुलीशी जमायला हवं. नाकावरून त्या दिवशी सतरा माणसं परत गेली. त्यात तिघं माझ्यापेक्षा चांगले नट होते, हे मी आज रेडिओवर कबूल करतो.

हल्ली तर निम्मी निवड फोनवरच होते. सेल्फ टेप मागवतात, म्हणजे आपणच आपला प्रसंग फोनवर चित्रित करून पाठवायचा. इथे मुलं हकनाक मार खातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोन आडवा धरा. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येतो. मागे साधी भिंत बरी, देव्हारा आणि कुकर दिसायला नको. आधी नाव, वय, उंची, गाव आणि तारखा मोकळ्या आहेत की नाहीत, एवढं सांगायचं. मग डावी बाजू, उजवी बाजू. मग प्रसंग. समोरच्याचे संवाद दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. बहीण वाचेल, रूममेट वाचेल, सपाट वाचलं तरी चालतं. कुणी समोर नसलं की डोळे कुठे ठेवायचे ते कळत नाही, आणि कॅमेऱ्याला डोळ्यातलं खोटं लगेच कळतं. एकदा मी घाईत आमच्या सासूबाईंना वाचायला बसवलं. त्या मधेच थांबून म्हणाल्या, "जावईबापू, हे कोण एवढं ओरडतंय तुम्हाला?" ती टेप तशीच पाठवली आणि ते काम मला मिळालं! पण यावरून नियम करू नका.

एक गोष्ट मात्र नियमासारखी लिहून ठेवा. ऑडिशनचे पैसे द्यायचे नसतात. नोंदणी फी, कार्ड काढायचे पैसे, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून, असं काही कानावर आलं की फोन ठेवायचा. आणि मुलींनो, मीटिंग संध्याकाळी सातनंतर हॉटेलच्या खोलीत असेल, तर ती मीटिंग नाही. 'कॉम्प्रमाइज' हा शब्द आमच्या धंद्यात ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्याची मला चीड आहे. सेट हे कामाचं ठिकाण आहे. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तिथेही लागू होतो आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनला विचारायचं. ऐकणारा दचकतो. दचकू दे.

काम मिळालं की चिंता मिटते, असं नवख्यांना वाटतं. छे हो! चिंता फक्त कपडे बदलते. मालिकेत पैसे दिवसावर ठरतात आणि सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांनी हातात येतात. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे नाताळच्या सुमारास. मधल्या काळात घरमालक नव्वद दिवस थांबत नाही. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापलेला असतो, तो विवरणपत्र भरल्यावर हिशोबात धरला जातो, पण कित्येक कलाकार ते भरतच नाहीत आणि हक्काचा परतावा सोडून देतात. आणि ट्रॅक, म्हणजे मालिकेतली आपल्या पात्राची गोष्ट, कधी संपेल याचा नेम नाही. एका मालिकेत मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत जिवंत होतो, शुक्रवारी कॉल टाइम, म्हणजे सेटवर किती वाजता यायचं ते, विचारायला फोन केला तर कळलं की माझा अपघात झालाय. एका निर्मात्याकडे माझे अकरा दिवसांचे पैसे आजही अडकलेत. करार नव्हता, ओळखीतलं काम होतं. कलाकारांच्या संघटना आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते, पण तक्रारीला कागद लागतो. माझ्याकडे होती फक्त ओळख.

नाटकाचं बरं असतं. प्रयोगाचे पैसे, म्हणजे आमची 'नाइट', पाकिटात घालून बहुधा त्याच रात्री देतात. पाकीट बारीक असतं, पण हातात असतं. पंचाईत होते ती तारखांची. शनिवारी ठाण्याला गडकरी रंगायतनला प्रयोग आणि त्याच दिवशी मालिकेवाल्यांना मी हवा. घोडबंदरच्या सेटवरून निघालेला नट ट्रॅफिकमध्ये अडकलाय, इकडे दुसरी घंटा झालीय, तिसरीला पडदा उघडायचा आणि मॅनेजर पायऱ्यांवर येरझाऱ्या घालतोय, हे दृश्य आमच्याकडे वर्षातून दोन-चारदा तरी होतंच.

जुन्या नटांची एक भीती असते, ती ते कुणाला सांगत नाहीत. ब्लँक होण्याची. मी झालोय. एकशे चाळिसावा प्रयोग होता, म्हणजे झोपेत म्हणता येईल असं नाटक. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पुढचं वाक्य गेलं. वाक्य कसलं, नाटकाचं नावच गेलं. समोर आठशे माणसं. किती वेळ गेला असेल? व्हिडिओत नंतर बघितलं तर चार सेकंद होते. माझ्यासमोरची अभिनेत्री, वयाने माझ्या मुलीएवढी, शांतपणे पुढे आली, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला अण्णांचं पत्र आलंय, तेच सांगायचंय ना?" पत्र हा शब्द ऐकला आणि सगळं परत आलं. तेव्हापासून मी तरुण मुलांना सांगतो, समोरच्याचे संवाद स्वतःच्या संवादांइतके पाठ करा. त्या रात्री तिने ते केले नसते, तर मी अजून तांब्या धरून उभा असतो.

सांगलीच्या मुलाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्याने नोकरी लगेच सोडली नाही. रजा टाकून तीनदा आला, दोनदा 'नॉट फिट' ऐकून गेला. यंदा फेब्रुवारीत रात्री दहाला त्याचा फोन. म्हणाला, "सर, एका मालिकेत काम मिळालंय. पोस्टमनचं. महिन्याला सहा-सात दिवस. करार पाठवलाय त्यांनी, इंग्रजीत आहे, नऊ पानं. सही करू का?"

मी म्हटलं, "वाचून दाखव. एकेक कलम, मराठीत सांग मला."

बायको जेवायला हाका मारत होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि ताट पुढ्यात घेतलं. तो वाचत होता, चित्रीकरणाचे दिवस, प्रक्षेपणाचे हक्क, देणी किती दिवसांत. चौथ्या कलमाला माझा घास हातातच राहिला, कारण मला एकदम जाणवलं की त्याचा प्रत्येक 'ण' जिथल्या तिथे पडतोय. मी काही बोललो नाही. म्हटलं, "हं, पुढे वाच."