झुरळबाईचं स्वयंवर

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांच्या पुस्तकांबद्दल बोलू, आणि सुरुवात एका झुरळाच्या स्वयंवरापासून करू.

मार्तिना नावाची एक झुरळबाई आहे. घरंदाज, टापटिपीची. घर झाडताना तिला एक नाणं सापडतं. त्या पैशांची पावडर विकत आणून, तोंडाला लावून बाई ऐटीत सज्जात बसतात. मग एकेक उमेदवार हजर होतो आणि मार्तिना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "माझ्याशी बोलशील कसा?" मांजर म्यांव करतं, कोंबडा बांग ठोकतो. दोघांनाही नकार! शेवटी पेरेस नावाचा उंदीर येतो. तो हळू, अदबीनं बोलतो आणि लग्न ठरतं. नाताळ येतो. मार्तिना गोड भात रटरटत ठेवून जरा बाजूला होते. पेरेसला वासानं राहवत नाही. तो पातेल्यावर चढतो, वाकतो आणि आत पडतो. झालं, खेळ खलास.

हा भात आपल्या नारळी भाताचा सख्खा भाऊ म्हणावा असा. प्वेर्तो रिकोत नाताळाला नारळाच्या दुधात दालचिनी, लवंग, मनुका घालून तांदूळ शिजवतात. प्वेर्तो रिको म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. तिथल्या पुरा बेलप्रे नावाच्या मुलीनं ही गोष्ट आपल्या आजीच्या तोंडून ऐकली होती. ही पुरा १९२० साली बहिणीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला आली ती तिथंच राहिली. वर्षभरात तिथल्याच हार्लेम वस्तीत, १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिला नोकरी लागली. आजूबाजूच्या चाळींमधून स्पॅनिश बोलणारी कुटुंबं वाढत होती, पण ग्रंथालय इंग्रजीवाल्यांचं अशी त्यांची समजूत. आणि लोककथांच्या फडताळात जगभरच्या गोष्टी, पण पुराच्या बेटावरची एकही नाही.

ग्रंथालयात गोष्टी सांगायच्या त्या छापील पुस्तकातल्याच, असा शिरस्ता होता. पुरानं परवानगी मिळवून आजीची न छापलेली गोष्ट सांगितली. पुढं इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये सांगत राहिली, बाहुल्या नाचवत राहिली. सहा जानेवारीला तीन राजांचा सण, म्हणजे बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेल्या राजांचा, ग्रंथालयातच साजरा व्हायला लागला, तेव्हा मुलांमागोमाग आयाही आत आल्या. झुरळ-उंदराची गोष्ट १९३२ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. एक सांगतो, पुरानं शेवट गोड केला नाही. आजचा एखादा संपादक उंदराला अलगद पातेल्यातून बाहेर काढायला लावेल!

तिच्या नावानं १९९६ पासून पारितोषिक दिलं जातं. ते लॅटिनो लेखकांना आणि चित्रकारांना, मुलांच्या पुस्तकांसाठी मिळतं. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको, पेरू अशा ठिकाणी ज्यांची मुळं आहेत अशी अमेरिकेतली माणसं. २०२०च्या जनगणनेत ती ६ कोटी २१ लाख भरली. सगळेच काही बाहेरून आलेले नाहीत बरं का. कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच होता. तिथल्या कित्येकांचे पूर्वज जागचे हललेच नाहीत, सरहद्दच त्यांच्यावरून सरकली.

आता या पुस्तकांबद्दल माझं मत. सण, झालरी, रंगीत घागरे, ढोलताशे एवढंच दाखवणारी पुस्तकं मला फार काळ धरून ठेवत नाहीत. पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशा असतात ना, तसं वाटतं. मला आवडतं ते कार्मेन लोमास गार्साचं 'फॅमिली पिक्चर्स', १९९० सालचं. टेक्ससमधल्या किंग्जव्हिल गावातलं तिचं बालपण, पानापानावर एकेक चित्र. एका चित्रात अख्खं घर तमाले करायला स्वयंपाकघरात जमलंय. मक्याचं भिजवलेलं पीठ पानांवर थापायचं, आत मांसाचं सारण घालायचं, गुंडाळून उकडायचं. म्हातारे, बाप्ये, पोरंसोरं, रिकाम्या हातानं कुणी नाही. दुसऱ्या चित्रात आजी परसात कोंबडी मारतेय, जेवणासाठी, आणि नातवंडं बघतायत. मुलांच्या पुस्तकात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण आजी म्हणजे नुसती मऊ मांडी नव्हे, ती घर चालवणारी बाई आहे, हे त्या एका चित्रात जेवढं कळतं तेवढं दहा प्रेमळ वाक्यांत कळत नाही.

या पुस्तकातला मजकूर दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापलाय. म्हणजे इंग्रजी न येणारी आजी आणि स्पॅनिश विसरत चाललेला नातू एकाच पानावर बसू शकतात. न्यू जर्सीत किंवा शिकागोत रविवारच्या मराठी शाळेत मुलांना नेणाऱ्या आईबापांना यातली गरज वेगळी सांगायला नको.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मेग मेदिना या लेखिकेची कादंबरी आहे, तिची नायिका मेर्सी सुआरेस. फ्लोरिडात एकाला एक लागून तीन घरं, त्यांत आजी-आजोबा, आत्या, आतेभावंडं, सगळा गोतावळा. आणि लाडक्या आजोबांचा विसराळूपणा वाढत चाललाय. घरातली मोठी माणसं ते मेर्सीपासून लपवतात, त्याचा तिला संताप येतो. मला तो संताप फार खरा वाटला. या कादंबरीला २०१९ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मानाचं पदक, मिळालं.

डंकन तोनातिऊ हा चित्रकार मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांच्या प्राचीन पोथ्यांच्या धर्तीवर माणसं काढतो, सगळी एका बाजूनं दिसणारी. त्यानं मेंडेझ कुटुंबाची खरी हकीकत चितारलीय. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर गावच्या शाळेनं गोऱ्या रंगाच्या आतेभावंडांना दाखल करून घेतलं आणि मेंडेझांच्या सावळ्या सिल्व्हियाला मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत पाठवलं. तिचे वडील शेतकरी. ते इतर कुटुंबांना जोडीला घेऊन कोर्टात गेले, आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकले. वंशावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवायला देशभर मनाई करणारा प्रसिद्ध निकाल त्यानंतर सात वर्षांनी लागला.

तुमची नातवंडं अमेरिकेत असतील तर तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ही पुस्तकं मागा, घरी न्यायला पैसे पडत नाहीत. पुराच्या नावाचं पारितोषिक मिळालेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुधा गोल पदकाचा शिक्का असतो, त्यावरून ओळखा. आणि नातवंड चार-पाच वर्षांचं असेल तर झुरळबाईपासूनच सुरू करा. फक्त पेरेस पातेल्यात पडल्यावर प्रश्नांची सरबत्ती होईल, तेवढी तयारी ठेवा. नमस्कार.