मण्यार चावते तेव्हा नसेच्या टोकाला काय होतं

पावसाळ्यातली रात्र, माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपलीयत आणि मण्यार चावून जाते. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताचे व्रणपण दिसत नाहीत, डास चावला असेल म्हणून माणूस कूस बदलून परत झोपतो. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि मग पापण्या उचलेनाशा होतात.

आता ही पापणीच बघा. ती उघडायची तर मेंदूकडून निघालेला विजेचा सिग्नल स्नायूपर्यंत पोचायला हवा, पण तो आणणारी नस स्नायूला चिकटलेली नसतेच, मध्ये फट असते, साधारण 50 नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. मेंदूतल्या दोन चेतापेशींमध्येपण असाच असतो, तिथली फट अजून अरुंद.

वीज काय ही फट ओलांडत नाही. सिग्नल टोकाला आला की कॅल्शियम आत घुसतं, तिथे ॲसिटिलकोलीनने भरलेल्या बारीक पिशव्या तयारच असतात, त्यातल्या काही फुटतात, ते रसायन पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो. सगळं मिलिसेकंदात. लगेच एक एन्झाइम ते रसायन तोडून टाकतं, नाहीतर पुढचा सिग्नल वेगळा कळणार कसा!

नागाचं विष पलीकडच्या काठावर, रिसेप्टरवरच ठाण मांडतं. तिथे निओस्टिग्मीन हे औषध कामी येतं, ते या एन्झाइमला अडवतं, मग फटीत ॲसिटिलकोलीन साठतं आणि जागेसाठी विषाशी झगडतं. मण्यारीचं मुख्य विष अलीकडच्या काठावर मारा करतं, पिशव्या संपतात, नसेचं टोकच खराब होतं. प्रतिविष फिरतं विष पकडतं, पण खराब झालेलं टोक दुरुस्त करत नाही, म्हणून तर पापणी जड वाटली की एक मिनिटपण मांत्रिकाकडे घालवायचं नाही, थेट दवाखाना. टोकं परत वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात, तोवर श्वास व्हेंटिलेटरवर.

मला यातलं सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. माणूस निपचित पडलेला, हाकेला ओ नाही, कधीकधी बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत, घरचे गेला म्हणून रडायला लागतात, आणि त्याला हे सगळं ऐकू येत असू शकतं. अडलंय ते फक्त त्या फटीत. त्याच्याशी बोला. कोण आलंय, किती वाजलेत ते सांगा, सुई टोचायच्या आधीपण सांगा.