३०० मिलीलिटर मुठा

(दृश्य : विठ्ठलवाडीचा घाट, सकाळ)

पुण्यातली विठ्ठलवाडी, मुठा नदीच्या काठावरची. देवळात टाळ वाजतोय आणि घाटाच्या पायऱ्यांवर पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची पाच मुलं उतरली आहेत. एकीच्या हातात काचेची बाटली. ३०० मिलीलिटरची, निमुळत्या बुचाची. ती बाटली पाण्यात तिरकी धरते, सावकाश भरू देते आणि पाण्याखालीच बूच लावते. आत बुडबुडा राहता कामा नये. राहिला, तर त्यातला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि नदी आहे त्यापेक्षा निरोगी दिसते. तिनं दोनदा बाटली ओतून दिली. तिसऱ्यांदा जमलं.

पर्यावरणाची पदवी म्हटलं की लोकांना वृक्षारोपण आठवतं. नाहीतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सगळ्याच शाखांना आलेला तो सक्तीचा पेपर, आदल्या रात्री वाचून सुटणारा. ही बी.एस्सी. तशी सुटत नाही. इथं रसायनशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे आणि १९७४ चा जल कायदाही आहे. नदी घाण आहे हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. किती घाण, कुठून पुढे घाण, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे सांगायला शिकावं लागतं.

(दृश्य : बाटलीत थेंब पडताना, जवळून)

आता घाटावरच बाटलीत मँगनीज सल्फेट जातं, मागोमाग अल्कली-आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांची ही पद्धत १८८८ ची. आज डिजिटल मीटर आहेत, तरी मुलांना आधी हीच शिकवतात, आणि ते योग्यच आहे. मीटरवर आकडा दिसतो. इथं नदीचा श्वास डोळ्यांदेखत रंग घेतो.

मुलांनी शहराच्या वरच्या अंगाला, खडकवासला धरणापाशी भरलेली बाटली गडद तपकिरी झाली होती. शहरातून वाहून आल्यावर, बंडगार्डनच्या पुलाखालची पांढरट.

प्रयोगशाळेत आम्ल घातलं की साका विरघळतो. स्टार्चनं पाणी निळं होतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट, थेंब थेंब, निळा रंग उडेपर्यंत. जितकं थायोसल्फेट लागतं, तितका पाण्यात प्राणवायू जास्त. खडकवासल्याच्या पाण्याला बराच वेळ लागला. बंडगार्डनचं जेमतेम निळं झालं आणि पहिल्याच थेंबाला फिकं पडलं. माशांना जगायला लिटरमागे किमान ४ मिलीग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो पाठ असलेली ती मुलं त्या फ्लास्ककडे बघत गप्प उभी होती.

दुपारचं रीडिंग एकटं पुरत नाही, हेही त्यांना इथंच कळतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच वापरतं, म्हणून नदीची खरी परीक्षा पहाटे, उजाडायच्या आधी.

पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, प्रयोगशाळा, प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात तपासणाऱ्या संस्था, असं काम मिळतं. पण एक गोष्ट प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवी. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी जे पदवीचे विषय चालतात, त्यांत पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र यांची नावं आहेत. वनसेवेचं स्वप्न असेल तर विषय निवडतानाच हे बघा. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

(दृश्य : मुळा-मुठेचं वळण, वरून)

पुण्यातच मुठा मुळेला मिळते. हे पाणी पुढे भीमेला मिळतं, उजनी धरणात थांबतं आणि पंढरपुरात चंद्रभागा होतं. बाटली भरणाऱ्या त्या मुलीचे आजोबा वारकरी आहेत. तिची जर्नल बघून त्यांनी विचारलं, "मग बाळ, चंद्रभागेत बुडी मारू का नको?"

ती म्हणाली, "आजोबा, इथल्या बाटलीवरून तिथलं नाही सांगता येत. मध्ये उजनी आहे. आषाढीला मीच येते तुमच्याबरोबर, बाटल्या घेऊन. पण पहाटे चारला उठावं लागेल."

"मी तीनलाच उठतो," आजोबा म्हणाले.