लुगर पी-०८ : नंबर जुळतात, पण पोलाद काय सांगतं?

मित्रहो, जुनं पिस्तूल अस्सल, मूळ अवस्थेतलं आहे की नंतर सजवलेलं, हे ओळखायला आज आपण एकच पिस्तूल घेऊ. जर्मन सैन्यानं १९०८ साली स्वीकारलेलं लुगर, म्हणजेच पी-०८.

हाती येताच मॅगझिन काढा, टॉगल (वरचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा) मागे ओढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, डोकवा. चेंबर भरलेलं असेल तर एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारी आकडी) वर उचललेला राहतो आणि त्याच्या डाव्या कडेवर ‘गेलाडेन’ (भरलेलं) हा जर्मन शब्द दिसतो. पण शब्द दिसला नाही म्हणून चेंबर तपासणं टाळू नका. या पिस्तुलाचा सियर (फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) रिसीव्हरच्या, म्हणजे नळी जोडलेल्या वरच्या चौकटीच्या, डाव्या अंगाला असतो. फायरिंग पिन ताणलेली असेल आणि आत काडतूस राहिलं असेल, तर वरचा भाग सुटा केल्यावरही सियर दाबला गेला की बार उडतो.

आता ठसे. चेंबरच्या माथ्यावर साल, टॉगलवर कारखाना: गुंफलेली ‘डीडब्ल्यूएम’ अक्षरं (बर्लिनची खासगी कंपनी), किंवा मुकुट आणि त्याखाली ‘एरफुर्ट’ (तिथला सरकारी कारखाना). पूर्ण नंबर फ्रेमच्या पुढच्या तोंडावर, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला आणि नळीखाली. दरवर्षी मोजणी १ पासून सुरू व्हायची. १०,००० झाले की पुन्हा १, पण सोबत एक लहान वळणदार अक्षर. म्हणून साल आणि अक्षर सोडून नुसता नंबर सांगितला तर काहीच कळत नाही. चाप, सेफ्टी, साइड प्लेट, टॉगलचे सांधे यांवर शेवटचे दोन आकडे असतात. लष्करी पिस्तुलात ते उघड्यावर, नागरी विक्रीच्या पिस्तुलात बहुधा लपलेल्या जागी. एरफुर्टच्या पिस्तुलात तपासनिसाचं मुकुट-अक्षर जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर सापडतं; कोरा भाग दिसला की थांबा.

इथपर्यंत सगळेच येतात, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. आकडे जुळवता येतात. जुना आकडा घासून नवा ठोकला की तिथे किंचित खळगा पडतो. पिस्तूल खिडकीसमोर धरा आणि गजाचं प्रतिबिंब सपाट भागावरून हळूहळू सरकवा. आकड्यापाशी रेघ वाकली, तर तिथलं धातू कमी झालेलं आहे. मग दहापट भिंग घ्या. ठसा ठोकताना धातू बाजूला सरून काठ किंचित वर येतो. बफ (पॉलिशचं चाक) फिरवलेल्या पिस्तुलात हा काठ नाहीसा होतो, अक्षर उथळ दिसतं आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या पसरतात.

रंगाकडे पुरेसा वेळ द्या. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात सावकाश गंज चढवून निळा-काळा रंग आणत. चाप, सेफ्टी, मॅगझिनचा खटका, टेकडाउन लिव्हर (पिस्तूल सुटं करायची कळ) आणि इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) हे मात्र उष्णतेनं वाळल्या गवतासारखे पिवळसर केलेले असत. हा पिवळा रंग नाजूक असतो. वापरलेल्या चापावर तो बोटाच्या जागी उडून राखाडी पडलेला असायला हवा. सगळीकडे सारखा, चकचकीत सोनेरी दिसला तर तो अलीकडचा समजा. मुठीच्या फळ्या काढून गंजाचे खड्डे बघा. खड्ड्याच्या तळाशी निळा रंग असेल तर आधी गंज, नंतर रंग. हा पुरावा मला जुळणाऱ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. (१९३७ च्या सुमारास तेव्हा हे पिस्तूल बनवणाऱ्या माउझर कंपनीनं गरम क्षारांत बुडवून निळा रंग देणं सुरू केलं, आणि मग हे लहान भागही निळेच आले. तिथे पिवळा चाप दिसणंच शंकास्पद.)

झीजही जागेवर हवी: नळीच्या तोंडाच्या बाजू, साइड प्लेटच्या कडा, टॉगलच्या गोट्या. होल्स्टर तिथेच घासतो.

चेंबरवर दोन सालं असतील, समजा १९१७ आणि १९२०, तर घाबरू नका. १९२० हा युद्धानंतर सरकारी मालकी दाखवण्यासाठी मारलेला ठसा आहे. अशा पिस्तुलांची दुरुस्ती आणि रंग शस्त्रागारातच पुन्हा झालेला असू शकतो. ती बनावट नव्हे, पण ‘कारखान्यातून आली तशी’ असंही म्हणता येत नाही.

शेवटी मॅगझिन. कैसरच्या काळातल्या मॅगझिनचा तळ लाकडी, त्यावर पिस्तुलाचाच नंबर. जादा मॅगझिनवर नंबरासोबत अधिकचं चिन्ह. ही दोन्ही एकत्र क्वचितच टिकतात, तेव्हा मिळाली तर त्यांचे ठसेही याच भिंगाखाली तपासा. आणि तोवर पिस्तुलाला पॉलिश लावू नका, हलक्या तेलाचं फडकं पुरे.