टीएमएस आणि उत्तेजक द्रव्यांचे व्यसन: चुंबकाने तलफ उतरते का?

नमस्कार. आजचा विषय मेंदूचा असला, तरी टीएमएस या चुंबकीय उपचाराची सुरुवात अंगठ्यापासून होते. रुग्ण खुर्चीत बसतो, कानांत बोळे घालतो, तंत्रज्ञ इंग्रजी आठच्या आकाराची एक कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, त्याच्या डोक्याला टेकवतो, टक् असा आवाज होतो आणि रुग्णाच्या मनात काही नसताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. मग यंत्राची ताकद हळूहळू उतरवत, दहापैकी निदान पाच वेळा अंगठा हलेल अशी किमान पातळी शोधली जाते. तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात, आणि त्या रुग्णाचा पुढचा डोस याच मापात ठरतो.

या पद्धतीचे पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस. तिच्यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलेच आहे: बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. इथे तो वाहक म्हणजे मेंदू. १९८५ मध्ये शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर माणसाचा मेंदू कवटी न उघडता उद्दीपित करून दाखवला. भूल लागत नाही, आकडी आणली जात नाही. त्यामुळे ‘शॉक ट्रीटमेंट’शी याची गल्लत करू नये, जी दुर्दैवाने वारंवार केली जाते.

आता व्यसनाकडे येऊ. कोकेन आणि मेथॅम्फेटामाइन यांसारखी उत्तेजक द्रव्ये मेंदूत डोपामाइन या सुखाशी आणि ओढीशी निगडित रसायनाचा पूर आणतात, आणि ही उलाढाल मेंदूच्या खोल भागात चालते. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव मात्र पृष्ठभागापासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोहोचतो. म्हणून उपचार करणारे थेट त्या खोल केंद्रावर न जाता कपाळामागच्या, स्वतःला आवर घालण्याशी संबंधित असलेल्या भागाकडे वळतात. पूर्वापार पद्धतीने मोजायचे, तर अंगठा हलवणाऱ्या जागेपासून पाच-सहा सेंटीमीटर पुढे. या भागाचे खोल केंद्रांशी धागेदोरे आहेत, आणि दीर्घकाळ व्यसन केलेल्यांमध्ये तो बऱ्याचदा मंदावलेला आढळतो.

२०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पायाला विजेचा झटका बसत असूनही काही उंदीर कोकेनसाठी कळ दाबतच राहत होते, आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील चेतापेशी थंडावल्या होत्या. प्रकाशाच्या साहाय्याने त्या पेशी जाग्या केल्यावर उंदरांचा हव्यास ओसरला. उंदरांच्या मेंदूत प्रकाश सोडता येतो, माणसाच्या मेंदूत तसे करणे सोपे नाही; पण चुंबक तर हाताशी होता. त्या धाग्यावरून इटलीतील पाडोवा येथे कोकेनच्या ३२ रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएमएस घेतलेल्यांमध्ये कोकेनचा वापर आणि तलफ, दोन्ही औषधोपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळली.

इथेच थांबून नीट पाहिले पाहिजे. त्या अभ्यासात कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांनाही ठाऊक होते आणि डॉक्टरांनाही. एवढे मोठे यंत्र, डोक्यावर टिचक्या मारल्यासारखे ठोके, ठरलेल्या वेळी येऊन बसण्याची शिस्त आणि आस्थेने चौकशी करणारी माणसे, एवढ्यानेही व्यसनी माणसाचा काही काळ निभाव लागू शकतो. त्याचे श्रेय चुंबकाला द्यायचे का? हे तपासण्यासाठी नकली कॉइल वापरतात, जी आवाज तसाच करते पण मेंदूपर्यंत प्रभाव पोहोचू देत नाही. २०२१ मध्ये इटलीतूनच प्रसिद्ध झालेल्या अशा एका दुहेरी अंध चाचणीत, म्हणजे कोणाला काय मिळते आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या चाचणीत, कोकेनचा वापर आणि तलफ यांबाबत खऱ्या आणि नकली उपचारात लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते पहिल्या अभ्यासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही चाचणी लोकांपर्यंत पोहोचायला हवी होती.

म्हणून कल्पनाच मोडीत काढावी असेही नाही. निकोटीन हेही एक उत्तेजकच आहे, आणि धूम्रपान सोडवण्यासाठी खोलवर पोहोचणाऱ्या एका कॉइलला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये मान्यता दिली. तिच्या चाचणीत २६२ जण होते आणि नकली कॉइलही होती. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सलग चार आठवडे सिगारेट सोडू शकलेल्यांचे प्रमाण खऱ्या गटात २८ टक्के आणि नकली गटात सुमारे १२ टक्के होते. विशेष म्हणजे प्रत्येक सत्राआधी रुग्णाची तलफ मुद्दाम चाळवली जात असे. मेथॅम्फेटामाइनबाबत चीनमधील अनेक अभ्यासांत तलफ कमी झाल्याचे दिसले. परंतु तलफ कमी होणे आणि घरी परतल्यावर द्रव्यापासून दूर राहणे यांत मोठे अंतर आहे.

कोकेन आणि मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनासाठी एफडीएने मान्य केलेले एकही औषध नाही. आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो तपासणीत द्रव्य न आढळल्यास बक्षीस देण्याच्या पद्धतीला. टीएमएसचा विचार त्याला पर्याय म्हणून नव्हे, तर जोड म्हणूनच व्हावा, आणि व्यसनमुक्तीची हमी देणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

धोक्यांपैकी डोकेदुखी किरकोळ आहे. आकडी क्वचित येते, पण या रुग्णांमध्ये तिचे भान अधिक ठेवावे लागते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेले उपकरण, असल्यास हा उपचार सहसा टाळला जातो. द्रव्य नुकतेच घेतले असेल किंवा रात्रभर झोप झाली नसेल, तर मेंदूची उत्तेजनशीलता बदलते आणि कालचे माप आज लागू राहीलच असे नाही. त्यामुळे सत्रापूर्वी रुग्णाने शेवटचे सेवन केव्हा केले हे खरे सांगणे अत्यावश्यक असते, आणि शंका वाटल्यास तंत्रज्ञ पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करतो.